पाच टनांचा नियम

कुर्डुवाडीत आमच्या लहानपणी घड्याळं वर्कशॉपच्या भोंग्यावर लावत. भोंगा व्हायच्या आधीच अण्णा घराबाहेर पडलेले असत. डब्यात दोन भाकरी, शेंगाचटणी आणि फडक्यात बांधलेला कांदा. माझे वडील बार्शी लाईट रेल्वेच्या नॅरोगेज वर्कशॉपमध्ये फिटर होते. 1954 साली ही रेल्वे कंपनीकडून सरकारकडे आली, त्याच साली ते खलाशी म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले.

बार्शी ही कापसाची पेठ, पण जीआयपी रेल्वेची मोठी लाईन गेली ती कुर्डुवाडीवरून, एकवीस मैल दूर. तेवढ्या वाटेवर माल बैलगाडीनेच यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअराने तिथे अडीच फुटी रेल्वे आणली आणि 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली. त्या काळी आमच्या स्टेशनचं नावही ‘बार्शी रोड’ होतं. मग रूळ वाढत गेले. 1906 साली पंढरपूर, 1911 साली लातूर, 1927 साली मिरज.

कॅलथ्रॉपचं नाव अण्णा घरातल्या वडीलधाऱ्याचं घ्यावं तसं घेत. त्याचा नियम ते आम्हाला जेवताना समजावून सांगत. रूळ हलके, म्हणून लाईन स्वस्त. पण हलक्या रुळावर जड माल न्यायचा कसा? तर इंजिन असो की वाघीण, कुठल्याच आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. वजन वाढलं की आस वाढवायचे. “वजनाला घाबरायचं नाही, ते एकाच्याच डोक्यावर येऊ द्यायचं नाही,” असं म्हणून ते ताटातली भाकरी मोडत.

पगाराच्या दिवशी ते पाटावर नोटांचे ढीग मांडत : किराणा, आमच्या फिया, आजीचं औषध, गावाकडच्या धाकट्या काकांचं बी-बियाणं. आम्हा पाचही भावंडांना समोर बसवत. कुठला ढीग लहान झाला आणि का, ते सगळ्यांना कळलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. एका वर्षी आजीचं ऑपरेशन निघालं. थोरल्या ताईने आपण होऊन कॉलेज सोडायची तयारी दाखवली. अण्णांनी रात्रभर हिशेब केला. सकाळी सांगितलं, “शाळा-कॉलेज कुणाचंच सुटणार नाही. दिवाळीचे कपडे सगळ्यांचेच नाहीत. माझेही नाहीत.” त्या दिवाळीत आम्ही सातजण धुतलेल्या जुन्या कपड्यांत ओळीने बसून फराळ केला. ताई पुढे शिक्षिका झाली.

आषाढीला मात्र अण्णा घरात दिसत नसत. पंढरपूरच्या गाड्या वारकऱ्यांनी इतक्या भरत, की मालाच्या डब्यांतही माणसं बसवावी लागत. त्या दिवसांत अण्णा हातोडी घेऊन गाडीच्या कडेने चालत आणि प्रत्येक चाकावर ठोका मारून कान देत. धड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. वारी करायला त्यांना कधी सुट्टी मिळाली नाही. चाकं वाजवून झाली की तिथेच उभं राहून ते गाडीला हात जोडत.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर गल्लीतले स्टोव्ह, सायकली, शिवणयंत्रं येऊन पडत. पैसे ते घेत नसत, पण ज्याची वस्तू त्याला शेजारी बसवून पान्हा हातात देत. त्यामुळे आमच्या गल्लीतल्या बायकांना स्टोव्हचा वायसर स्वतः बदलता येई.

पुढे ब्रॉडगेज आली. 2010 च्या सुमाराला मिरजेपर्यंतची जुनी लाईनही गेली. रूळ उचलताना अण्णा बघायला गेले होते. घरी येऊन म्हणाले, “शंभर वर्षं धरलं की तिनं.”

गेल्या श्रावणात अण्णा गेले. पाऊस होता, रस्त्यावर चिखल. आम्ही दोघे भाऊ आता साठीच्या पुढचे. इतक्या लांब न्यायला जमेल का, ही मनात धास्ती होती. पण कोपऱ्यावर सायकलवाला पुढे आला, मग वर्कशॉपमधले दोन म्हातारे खलाशी, मग ज्यांची नावंही मला ठाऊक नाहीत अशी माणसं. दहा पावलं झाली की खांदा बदलत होता. स्मशानापर्यंत अण्णा कुणालाच जड झाले नाहीत.