टाइम ट्रायलपूर्व वॉर्म-अप

टाइम ट्रायल या सायकल शर्यतीच्या आधी स्नायू, हृदय आणि श्वसन यांना शर्यतीच्या वेगासाठी तयार करणारा क्रमबद्ध व्यायाम. या शर्यतीत स्पर्धक एकेक करून, बहुधा एक किंवा दोन मिनिटांच्या अंतराने सुटतात. पुढच्या सायकलस्वाराच्या आडोशाने वारा टाळण्याची मुभा नसते, त्यामुळे पहिल्या मिनिटापासून जोर लावावा लागतो. रोड रेसमध्ये सुरुवातीच्या संथ किलोमीटरांत अंग मोकळे होते. इथे ती सवलत नाही.

पायांवरचा भार एकदम वाढला, तरी शरीराचा प्राणवायूचा वापर लगेच वाढत नाही. त्याला दोन-तीन मिनिटे लागतात. तोवरची तूट स्नायू प्राणवायूविना मिळणाऱ्या ऊर्जेतून भागवतात आणि ती पुंजी मर्यादित असते. आधी काही मिनिटे जोरकस पेडल मारलेले असेल, तर स्नायूंचा रक्तपुरवठा वाढलेला असतो, प्राणवायूचा वापर लवकर चढतो आणि वाचलेली पुंजी शेवटच्या चढावर उपयोगी पडते. स्नायू तापल्याने त्यांचे आकुंचनही जलद होते.

व्यावसायिक संघांचे खेळाडू हा व्यायाम संघाच्या बसशेजारी, ट्रेनर म्हणजे जागच्या जागी पेडल मारता येणाऱ्या स्टँडवर चढवलेल्या सायकलीवर करतात. समोर पंखा, हँडलवर टॉवेल आणि मिनिटामिनिटाचा क्रम लिहिलेली चिठ्ठी. सुमारे वीस ते तीस मिनिटांत आधी हलके पेडलिंग, मग टप्प्याटप्प्याने शर्यतीच्या जोरापर्यंत चढण, काही सेकंदांचे दोन-तीन वेगवान झटके आणि शेवटी पाय सैल सोडणे, असा क्रम असतो. सुटण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे थांबणे योग्य. त्याहून फार आधी थांबल्यास मिळवलेला लाभ ओसरू लागतो. शर्यतीचे अंतर जितके कमी, तितका वॉर्म-अप जोरकस हवा. सात-आठ किलोमीटरच्या प्रोलॉगला, म्हणजे अनेक दिवसांच्या शर्यतीच्या सलामीच्या छोट्या टाइम ट्रायलला, तो पूर्ण लागतो. चाळीस किलोमीटरला थोडक्यात भागते, कारण तिथे पहिली काही मिनिटे हात राखून चालवता येते.

अतिरेक मात्र हानिकारक ठरतो. कॅनडातील कॅल्गरी विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये ट्रॅकवरील स्प्रिंटर खेळाडूंची चाचणी घेतली. सुमारे पन्नास मिनिटांच्या रूढ वॉर्म-अपपेक्षा पंधरा मिनिटांच्या सौम्य वॉर्म-अपनंतर त्यांची ताकद अधिक भरली. स्प्रिंट आणि टाइम ट्रायल यांच्या गरजा वेगळ्या असल्या, तरी दमून सुरुवात करू नये हा धडा दोन्हींना लागू आहे. उन्हाळ्यात तर व्यायाम आणखी आखडता घेतात, बर्फाचे जॅकेट घालतात किंवा मोज्यात बर्फ भरून मानेवर ठेवतात. कारण स्नायू तापायला हवेत, पण शरीराचे आतले तापमान आधीच चढू देणे परवडत नाही.

वेळेचा हिशेब हाही वॉर्म-अपचाच भाग आहे. 1989 च्या टूर द फ्रान्सचा 7.8 किलोमीटरचा प्रोलॉग लक्झेम्बर्गमध्ये झाला. आदल्या वर्षीचा विजेता, स्पेनचा पेद्रो देल्गादो, वॉर्म-अप करत सुटण्याच्या जागेपासून दूर गेला आणि 2 मिनिटे 40 सेकंद उशिरा पोहोचला. घड्याळ ठरलेल्या क्षणीच सुरू झाले होते. त्या दिवशी तो शेवटचा आला. दुसऱ्या दिवशीच्या सांघिक टाइम ट्रायलमध्ये त्याला आणखी फटका बसला. तीन आठवड्यांनी पॅरिसमध्ये देल्गादो तिसरा होता, विजेत्या ग्रेग लेमाँडच्या 3 मिनिटे 34 सेकंद मागे.