आठ आण्यांचे पुस्तक आणि आपला बुकस्टॉल

दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी, ६ डिसेंबरला दादरचे शिवाजी पार्क, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. आपले लोक जिथे जमतात तिथे पुस्तकांचे स्टॉल लागतात. दुसऱ्या दिवशी एखाद्या वर्तमानपत्रात कौतुकाची चौकट येते की आंबेडकरी जनता पुस्तके विकत घेते. मराठी वाचक संपला म्हणून गळा काढणाऱ्यांना दरवर्षी याचे नव्याने आश्चर्य वाटते.

पण हे स्टॉल आले कुठून, हा प्रश्न कोणी विचारत नाही. आपणही विचारत नाही. आमचे म्हणणे असे आहे की ताडपत्रीखाली मांडलेली ही दुकाने आपल्याला हौसेतून मिळालेली नाहीत. प्रस्थापित बाजाराने दार लावून घेतले तेव्हा आपल्या माणसांनी पदरमोड करून ही दुसरी बाजारपेठ उभी केली. ती कशी उभी राहिली हे विसरलो तर ती टिकवता येणार नाही.

पैसे देऊनही जाहिरात नाही

३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक'चा पहिला अंक निघाला. त्याची जाहिरात पैसे देऊन छापायलाही 'केसरी'ने नकार दिला, हे बाबासाहेबांच्या चरित्रात नोंदलेले आहे. हा नकार एका जाहिरातीपुरता समजू नका. छापखाना कोणाचा, कागद कोणाकडून, अंक कोण विकणार आणि त्याची बातमी लोकांपर्यंत कोण पोचवणार, या सगळ्या जागांवर एकाच समाजाची माणसे बसलेली होती. लिहिता येणे ही पहिली लढाई होती. लिहिलेले वाचकाच्या हातात पडणे ही दुसरी, आणि ती जास्त खर्चाची.

म्हणूनच शिवराम जानबा कांबळे यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढला आणि बाबासाहेबांनी पुढे स्वतःचा छापखाना उभा केला. आपला छापखाना असल्याशिवाय आपला शब्द दुसऱ्याच्या मर्जीवर राहतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते.

आठ आण्यांचा वाद

१९३६ साली लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावले. भाषणाचा मजकूर वाचून मंडळ घाबरले. काही भाग गाळा म्हणाले. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवले आणि परिषद बारगळली. भाषण मात्र तोवर छापून झाले होते. प्रती हातात पडून होत्या.

मग बाबासाहेबांनी काय केले? त्यांनी सरळ त्या प्रती बाजारात विक्रीला काढल्या. आपली मते लोकांना कळावीत आणि छापून पडलेल्या प्रतीही खपाव्यात, अशी दोन्ही कारणे त्यांनी प्रास्ताविकात मोकळेपणाने सांगितली आहेत. यात त्यांना कसलाही कमीपणा वाटला नाही. किंमत ठेवली आठ आणे. इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. 'जातिसंस्थेचे निर्मूलन' हे आज जगभर वाचले जाणारे पुस्तक सुरुवातीला असे विकले गेले. जे भाषण व्यासपीठावर होऊ दिले नाही, ते विक्रीतून घराघरांत गेले.

यावर 'हरिजन'मध्ये लिहिताना गांधींनी पुस्तकाच्या किमतीचाही मुद्दा काढला. आठ आण्यांऐवजी दोन, निदान चार आणे ठेवावेत, अशी त्यांची सूचना होती. पुस्तक स्वस्त असावे हे म्हणणे वाईट नाही. गरीब वाचकाला ते परवडले पाहिजे हे आपणही म्हणतो. पण दोन आण्यांत पुस्तक द्यायचे तर उरलेले सहा आणे कोणी भरायचे? ज्यांच्या मागे संस्था, देणग्या आणि धनिक उभे असतात त्यांना हा प्रश्न पडत नाही. ज्याच्या मागे कोणी नाही, त्याच्या पुस्तकाने छपाईचा खर्च स्वतःच काढावा लागतो, नाहीतर दुसरी आवृत्ती निघत नाही. बाबासाहेबांच्या पुस्तकाने तो काढला. १९३७ साली दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात गांधींची टीका व तिला दिलेले उत्तरही छापले गेले. आठ आण्यांनी वाद जिवंत ठेवला.

५०० प्रतींचे पत्र

वीस वर्षांनी हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. सप्टेंबर १९५६. बाबासाहेबांची प्रकृती ढासळलेली, बुद्धावरचा ग्रंथ छपाईला गेलेला आणि खर्च सुमारे २०,००० रुपये. त्यांनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून विचारले की बुद्धजयंतीच्या २५०० व्या वर्षानिमित्त सरकार या ग्रंथाच्या ५०० प्रती ग्रंथालयांसाठी आणि अभ्यासकांसाठी विकत घेईल का. नेहरूंनी दुसऱ्याच दिवशी उत्तर पाठवले. प्रकाशनासाठी ठेवलेली रक्कम संपली आहे, पत्र राधाकृष्णन यांच्या समितीकडे पाठवतो, आणि जयंतीच्या कार्यक्रमांच्या वेळी दिल्लीत व इतरत्र पुस्तक विक्रीला ठेवता येईल, असा त्याचा आशय होता.

'बुद्ध आणि त्याचा धम्म' १९५७ साली प्रसिद्ध झाला. तो पाहायला बाबासाहेब नव्हते.

ज्यांनी देशाची घटना लिहिली त्यांच्या ५०० प्रती सरकारने घेतल्या नाहीत. मग त्या कोणी घेतल्या? दीक्षाभूमीवर येणाऱ्या शेतमजुराने, गिरणी कामगाराने, रेल्वेच्या खलाशाने, शिपायाने. स्वतःला अक्षर न येणाऱ्या आयांनी मुलांसाठी घेतल्या. सरकारी तिजोरीने जे नाकारले ते पदराच्या गाठीने केले. स्टॉलचा खरा इतिहास हा आहे.

सरकारी खंड आणि कोरा कागद

काही जण म्हणतील, ते दिवस गेले, आता महाराष्ट्र शासनच बाबासाहेबांचे खंड छापते. खरे आहे. १९७९ साली पहिला खंड आला आणि वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. त्या कामाचे मोल कधीही कमी होणार नाही. पण पुढे काय झाले तेही लक्षात ठेवा. १९८७ साली चौथ्या खंडात 'रिडल्स इन हिंदुइझम' आले. राम-कृष्णावरचे परिशिष्ट काढून टाका म्हणून गदारोळ झाला. १९८८ च्या फेब्रुवारीत लाखोंचा भीमसागर मुंबईच्या रस्त्यावर उतरला तेव्हा ती पाने वाचली, तीही सरकार या मतांशी सहमत नाही अशी टीप लावून. २०२१ साली तर खंडांच्या छपाईसाठी घेतलेला कागद पडून असल्याची बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली.

सरकारने खंड छापलेच पाहिजेत आणि त्यासाठी भांडलेच पाहिजे. पण केवळ सरकारवर विसंबून राहणाऱ्या समाजाचे ग्रंथ गोदामात अडकतात. आपली छापील पाने आपल्या हातात असावीत यासाठी आपले प्रकाशक, आपले विक्रेते लागतात. पुण्यात ऐन सदाशिव पेठेत प्रा. विलास वाघ आणि उषाताई वाघ यांनी 'सुगावा' चालवले ते याच समजुतीने. वाघ सर २०२१ साली गेले. त्यांचे नाव घेऊन हळहळणे सोपे आहे. त्यांनी केले ते हिशेबाचे, पार्सलचे आणि उधारी वसूल करण्याचे काम पुढे नेणे अवघड आहे.

दुकान चालते कसे

हा हिशेब एकदा मांडू या. समजा पुस्तक २०० रुपयांचे आहे आणि विक्रेत्याला ३५ टक्के कमिशन मिळते. म्हणजे ७० रुपये. जागेचे भाडे, टेम्पो, जेवणखाण, पावसाने भिजलेल्या प्रती, मित्राने नेऊन परत न दिलेल्या प्रती, हे सगळे त्या ७० मधून जाते. त्यात आपण उभे राहून विचारतो, "जयभीम दादा, आपल्याच माणसाला २० टक्के तरी सोडा." ४० रुपये तिथेच गेले. हेच आपण मोबाईलच्या दुकानात करत नाही. लग्नात मांडव, डीजे, आहेर यांवर खर्च करताना हात आखडत नाही. चळवळीच्या माणसाने मात्र फुकट राबावे अशी आपली अपेक्षा असते.

दुसरी गोष्ट पीडीएफची. संदर्भ शोधायला, गावात पुस्तक मिळत नसेल तर वाचायला पीडीएफ जरूर वापरा. पण नव्या लेखकाचे पहिलेच पुस्तक आठवड्यात दोनशे ग्रुपवर फिरले तर त्याचे दुसरे पुस्तक कोण छापणार? आणि ज्या मोबाईलवर पीडीएफ येते त्याच मोबाईलवर बाबासाहेबांच्या नावाने त्यांनी कधी न लिहिलेली वाक्येही येतात. ती खोटी आहेत हे कसे सिद्ध करणार? खंड, आवृत्ती, पान क्रमांक दाखवून. छापील पुस्तकाची ओढ अजून टिकून आहे ती कागदाच्या वासामुळे नव्हे. आपल्यासाठी पुस्तक हा पुरावा आहे. तो कोणी रात्रीतून बदलू शकत नाही.

बाबासाहेबांनी न्यूयॉर्कच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांत पोट मारून पुस्तके जमवली. १९१७ साली परतताना सामानाचे जहाज टॉर्पेडोने बुडाले, त्यात पुस्तकेही गेली. ते पुन्हा जमवत राहिले आणि शेवटी पुस्तके राहावीत म्हणून दादरला राजगृह बांधले. त्या घराला हात जोडून आपण परततो. आपल्या घरात मात्र पुस्तकाची फळी नसते.

म्हणून तरुण मित्रांना आमचे सांगणे थोडके आहे. अभिवादनाला जाताना पुस्तकांसाठी वेगळे पैसे ठेवा. स्टॉलवर घासाघीस करू नका. फोटो आणि कॅलेंडर घेतलेत तर एक ग्रंथही घ्या, आणि घेतलेला वाचून चार जणांत त्यावर चर्चा लावा. वस्तीतल्या विहारात एक कपाट आणि एक वही ठेवा, कोणी काय नेले ते लिहायला. ज्यांना जमेल त्यांनी वर्षाचे चार दिवस एखाद्या विक्रेत्याच्या स्टॉलवर उभे राहा. लोक काय मागतात, कशाची किंमत विचारून पुस्तक परत ठेवतात, हे तिथे जितके कळते तितके भाषणात कळत नाही.

१९३६ साली पडून राहिलेल्या प्रती विकायला बाबासाहेबांना लाज वाटली नाही. त्या विकत घ्यायला आपल्या आजा-पणजांनी पोटाला चिमटा काढला. आता पाळी आपली आहे.

जयभीम!