बागेतले घर आणि समाजाचा वाटा

१/४
ब्रिटनमध्ये स्वतःच्या बागेत दुसरे घर बांधण्याची परवानगी मिळाली, की त्या जमिनीचे मोल एका दिवसात वाढते. ही वाढ कोणाची? मालकाची, की समाजाची?

२/४
क्लेमंट ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४७ च्या नगररचना कायद्याने उत्तर दिले: समाजाची. वाढीव मूल्यावर १०० टक्के आकार बसला. विकण्यात लाभच न उरल्याने मालकांनी हात आखडता घेतला आणि १९५३ मध्ये हुजूर पक्षाच्या सरकारने तो आकार रद्द केला.

३/४
१९६७ मध्ये मजूर पक्षाने ४० टक्क्यांची आकारणी आणली. हुजूर पक्षाने सत्तेवर येताच ती मोडीत काढली. १९७६ चा विकास भूमी करही १९८५ मध्ये गेला.

४/४
२०१० पासून इंग्लंड व वेल्समधील स्थानिक संस्थांना पायाभूत सुविधांसाठी नवा आकार लावता येतो. तो मूल्यवाढीवर नव्हे, बांधकामाच्या क्षेत्रफळावर ठरतो. २०१४ मध्ये स्वतःसाठी घर बांधणाऱ्यांना त्यातून सूट मिळाली. अट अशी, की तीन वर्षे त्याच घरात राहावे. राहणाऱ्याला सवलत, विकणाऱ्याला आकार, असा हा तोडगा आहे. मात्र सूट मंजूर होण्यापूर्वी पहिली कुदळ पडली, तर ती हातची जाते.