गळावरचे पीस

भडगावला गिरणेच्या काठी लहानपण गेले, त्यामुळे गळ म्हटला की मला गांडूळ आठवते. बांबूची काठी, सुताची दोरी, आकड्याला आमिष आणि पाण्याकडे डोळे लावून बसलेले भोई! मासा फसायचा तो भुकेने. नुसत्या पिसाला मासा लागतो असे कोणी सांगितले असते, तर आम्ही पोरे खो खो हसलो असतो.

पण ही युक्ती फार जुनी आहे. इ. स. 200 च्या सुमारास एलियन या रोमन लेखकाने मॅसिडोनियातल्या कोळ्यांविषयी लिहून ठेवले आहे. ते आकड्याला तांबडी लोकर गुंडाळीत आणि वर कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसे बांधीत. मासा त्याला माशी समजे.

पुढे ही कला इंग्लंड-स्कॉटलंडात भरास आली. तिथला सामन मासा अंडी घालायला समुद्रातून नदीत चढतो, तेव्हा अन्न सोडून देतो. ज्याला भूकच नाही, त्याला आमिष कसले? म्हणून एकोणिसाव्या शतकात माशीचे सोंग मागे पडले आणि रंगीबेरंगी पिसांचे दागिनेच घडू लागले. 'जॉक स्कॉट' हा त्यांतला नामांकित. त्याच्या दोन्ही अंगांना जे पीस लागे, ते मात्र आपल्या सह्याद्री-सातपुड्यातल्या राखी रानकोंबड्याचे! त्याच्या मानेवरच्या पिसांवर मेणाचे थेंब पडावेत तसे पिवळसर ठिपके असतात. पाण्यात ते डोळ्यांसारखे चमकतात.

बांधणीही मोठी नाजूक. मेण लावलेल्या रेशमी दोऱ्याने एकेक पीस आवळायचे आणि शेवटी दोऱ्याचे टोक त्याच्याच वेढ्यांखालून ओढून घ्यायचे. गाठीचा गोळा दिसता कामा नये. हा आकडा आणि दोरी यांच्यामध्ये रेशीमकिड्याच्या पोटातून काढलेली तात असे. ती आधी पाण्यात भिजवीत, कारण कोरडी तात गाठ मारतानाच तुटे. आता नायलॉन आले, तरी गाठ ओली करून सावकाश आवळावी हा नियम कायम आहे. मासा सुटतो तो बहुधा गाठीपाशीच.

आणि पाखरू? विलायती टोप्यांसाठी आणि गळांसाठी इथली पाखरे मरत होती. 1902 साली हिंदुस्थान सरकारने रानपाखरांच्या पिसांची निर्यात बंद केली. 1921 साली ब्रिटनने आयातीवर बंदी घालणारा कायदा केला. 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर आज रानकोंबडा मारणे हा गुन्हा आहे. तिकडचे हौशी लोक आता हे कोंबडे खुराड्यात पाळून पिसे मिळवतात.

गिरणेकाठच्या भोयाने कधी पिसासाठी पाखरू मारलेले मी पाहिले नाही. त्याला मासा हवा होता तो घरच्या चुलीसाठी. हौसेच्या गळात मात्र मासा अडकण्याआधीच एका पाखराचा गळा अडकला होता!