मोटरहोम : मागच्या जोडटायरांऐवजी रुंद एकेरी टायर

राहण्या-झोपण्याची सोय असलेल्या मोठ्या मोटरहोमच्या मागच्या अ‍ॅक्सलवर बहुधा प्रत्येक बाजूला दोन-दोन टायर जोडीने बसवलेले असतात. ही जोडी काढून तिच्या जागी एकच रुंद टायर आणि त्याच्या मापाची रुंद रिम बसवण्याचा प्रघात अमेरिकेतल्या मालट्रकांकडून आला. मिशेलिन कंपनीने २००० साली ‘एक्स वन’ नावाचे रुंद टायर तिथल्या बाजारात आणले. त्यांतला ४४५/५० आर २२.५ हा टायर २७५/८० आर २२.५ या नेहमीच्या मापाच्या जोडीची जागा घेण्यासाठीच बनवलेला आहे. दोन्हींचा व्यास जवळजवळ सारखा, एक मीटरहून किंचित जास्त भरतो. त्यामुळे गिअरचे गुणोत्तर किंवा वेगदर्शक काटा बदलावा लागत नाही. पुष्कळ मोठ्या डिझेल मोटरहोमना हेच २७५/८० माप असते. साहजिकच ट्रकवाल्यांना झालेला फायदा आपल्याही पदरात पडेल असे मोटरहोमच्या मालकांना वाटते. तसे होत नाही. पक्क्या रस्त्यावर फिरणाऱ्या मोटरहोमसाठी हा बदल बहुतेक वेळा तोट्याचा ठरतो आणि वाळू-कच्च्या वाटांवर जाणाऱ्या गाडीसाठी तो समर्थनीय ठरतो. याचा निकाल इंधनावर लागत नाही, भार पेलण्याची शिल्लक किती उरते यावर लागतो.

ट्रकचा फायदा खोटा नाही. टायर फिरताना त्याच्या बाजूच्या भिंती वाकतात व सरळ होतात आणि त्यात ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. जोडीत अशा चार भिंती असतात, एकेरी टायरात दोनच. ट्रॅक्टर आणि ट्रेलर या दोहोंच्या सगळ्या जोड्या बदलल्या तर इंधनात साधारण तीन टक्क्यांपर्यंत बचत होते असे मानले जाते. अलीकडे जोडीचे टायरही कमी घर्षणाचे निघू लागल्याने हे अंतर कमी झाले आहे. लांब पल्ल्याचा अमेरिकी ट्रक वर्षाला लाखाहून अधिक किलोमीटर धावतो, तेव्हा दोन-तीन टक्क्यांना मोल येते. मोटरहोम वर्षाला ८,००० किलोमीटर फिरली आणि लिटरला साडेतीन किलोमीटर गेली, तर तिला सुमारे २,३०० लिटर डिझेल लागेल. पूर्ण तीन टक्के धरले तरी बचत ७० लिटरांच्या आत राहते. शिवाय तिचा एकच अ‍ॅक्सल बदलायचा असल्याने प्रत्यक्ष बचत याहून कमीच. नव्या रिम आणि नवे टायर यांचा खर्च यातून वसूल होण्याआधीच टायर म्हातारे होतात, कारण मोटरहोमचे टायर झिजून नव्हे, वयाने बाद होतात. नक्षी शाबूत दिसते, पण महिनोन्‌महिने उन्हात एका जागी उभे राहून रबराला भेगा पडतात. टायरच्या भिंतीवरच्या ‘डॉट’ क्रमांकाचे शेवटचे चार अंक निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. मोटरहोमच्या मालकाने नक्षीच्या खोलीआधी ते वाचावेत.

खरा प्रश्न भाराचा आहे. २७५/८० आर २२.५ हा ‘जी’ श्रेणीचा टायर एकटा असेल तर २,८०० किलो पेलतो, जोडीत मात्र २,५७५ किलोच धरले जातात. रस्त्याचा उतार आणि हवेतला फरक यांमुळे जोडीतल्या दोघांवर भार कधीच अगदी सारखा वाटला जात नाही, म्हणून ही कपात आधीच केलेली असते. चारांची मिळून क्षमता १०,३०० किलो होते. ४४५/५० आर २२.५ चा एक टायर १२० पीएसआय हवेवर ४,६२५ किलो पेलतो. दोघांचे ९,२५० किलो. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर एकेरी अ‍ॅक्सलला २०,००० पौंड, म्हणजे ९,०७२ किलोंची मुभा आहे आणि कित्येक मोठ्या मोटरहोमचा मागचा अ‍ॅक्सल याच आकड्याच्या आसपास भरलेला असतो. जोडटायरांवर तेव्हा बाराशे किलोंहून जास्त शिल्लक राहते. रुंद टायरांवर १७८ किलो, म्हणजे बाजूगणिक ८९ किलो. ट्रकवाला माल सारखा लावून घेऊ शकतो. मोटरहोममध्ये मात्र स्वयंपाकघर, पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि बाहेर सरकणारी खोली यांच्या जागा कारखान्यातच ठरतात आणि एक बाजू दुसरीपेक्षा जड असणे ही नित्याची गोष्ट असते. तीनशे लिटरची टाकी एका बाजूला भरली की तिथे तीनशे किलो वाढतात. अ‍ॅक्सलचे एकूण वजन मर्यादेत असूनही त्या बाजूचा टायर क्षमतेबाहेर गेलेला असू शकतो. म्हणून हा बदल करण्याचा विचार असेल त्याने गाडी पाण्यासामानासह भरून प्रत्येक चाकाचे वजन वेगळे करून घेतलेच पाहिजे. अ‍ॅक्सलच्या एकूण वजनाची पावती इथे पुरेशी नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की रुंद टायर आणि अ‍ॅल्युमिनियमची रिम जोडीपेक्षा हलकी असते. ते खरे आहे. दर बाजूला साधारण ४०-५० किलो वाचतात. पण अ‍ॅक्सलमागे वाचलेल्या शंभरएक किलोंसाठी हजारावर किलोंची क्षमता सोडून द्यावी लागते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : ४५५/५५ आर २२.५ हा टायर घेतला तर तो एकटा ५,००० किलो पेलतो, मग तूट जवळपास भरून निघते. निघते खरी, पण या टायरचा व्यास जुन्यापेक्षा सुमारे सहा सेंटिमीटरने मोठा आहे. वेगदर्शक काटा चुकतो, इंजिनावरचे ओझे बदलते, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या फेऱ्यांत एबीएसला अनपेक्षित फरक दिसतो आणि चाकाच्या खणात तेवढी मोकळी जागा असेलच असे नाही. ट्रक विकत घेतानाच हे माप ठरवता येते. तयार मोटरहोमवर ते नंतर लादणे म्हणजे निम्मी गाडी नव्याने जुळवणे होय.

रिमचा प्रश्नही यालाच लागून येतो. जोडीतल्या दोन रिम हबच्या दोन अंगांना सारख्या झुकतात, म्हणून भार बेअरिंगांच्या मधोमध येतो. त्याच जागी १४ इंची रुंद रिम मध्यावर बसवली तर टायरची बाहेरची कड जोडीपेक्षा सात-आठ सेंटिमीटर आत जाते आणि उंच, कपाटांनी भरलेल्या गाडीचा पाया अरुंद होतो. पाया परत रुंद करावा म्हणून दोन इंच बाहेर काढलेली रिम लावली की बेअरिंगवर तिरपा ताण येतो. अ‍ॅक्सलचे उत्पादक अशा रिमसाठी काही अ‍ॅक्सलांची क्षमता घटवून देतात. म्हणजे इथेही शिलकीवरच घाला.

जोडीतला एक टायर फुटला तरी दुसरा गाडी घरी आणतो, हा जोडीच्या बाजूचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद. तो जसाच्या तसा मान्य करता येत नाही. नऊ टनांच्या अ‍ॅक्सलवर प्रत्येक टायर २,२५० किलो पेलत असतो. साथीदार गेला की उरलेल्यावर ४,५०० किलो येतात, त्याच्या एकट्याच्या क्षमतेच्या दीडपटीहून अधिक. असा टायर घेऊन गावापर्यंत जाणे धोक्याचे आहे आणि त्यानंतर तोही खोलून तपासावा लागतो. तरीसुद्धा जोडीने काही क्षण मिळवून दिलेले असतात. गाडी सरळ राहते आणि रस्त्याच्या कडेला घेता येते. एकेरी टायर फुटला की मागचा कोपरा जवळजवळ वीतभर खाली बसतो, रिम डांबरावर घासते आणि सुटलेले रबराचे पट्टे चाकाच्या खणावर आदळतात. ट्रकच्या चाकावर लोखंडी चौकट असते. मोटरहोमच्या चाकावर पुष्कळदा प्लायवूडची फरशी, पाण्याचे नळ आणि विजेच्या तारा असतात. पुढचा त्रास वेगळाच. २७५/८० टायर महामार्गावरच्या कुठल्याही ट्रक-टायरच्या दुकानात मिळतो, ४४५/५० साठी दोन दिवस थांबावे लागू शकते, आणि मोठ्या मोटरहोममध्ये स्टेपनी बहुधा नसतेच.

जोडीचे दोष खरे आहेत, हेही सांगितले पाहिजे. आतल्या टायरची हवा तपासायची तर बाहेरच्या रिमच्या भोकातून हात घालून, काळ्या धुळीत चाचपडत व्हॉल्व्ह शोधावा लागतो. ज्याला हे रोज करवत नाही तो करीत नाही आणि आतला टायर महिनोन्‌महिने कमी हवेवर फिरतो. मग सगळे ओझे बाहेरच्यावर येते, दोन्हींच्या भिंती एकमेकींना घासतात, उष्णता वाढते. दोघांच्या मधे दगड अडकला तर दोन्ही भिंती कापल्या जातात. पण व्हॉल्व्हला धातूची लांब नळी आणि प्रत्येक टायरला हवेचा दाब दाखवणारा संवेदक लावला की यातला मोठा भाग सुटतो, तोही रिम बदलण्याच्या खर्चाच्या तुलनेत किरकोळ पैशांत.

रस्ता संपतो तिथे हिशेब उलटतो. ऑस्ट्रेलियात फुसो कँटरच्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकवर राहण्याची पेटी बसवून अंतर्भागात जाणाऱ्या गाड्या तयार होतात आणि त्यांच्यावर एकेरी टायर बसवणे सर्वमान्य आहे. पुढच्या चाकाने वाळूत पाडलेली चाकोरी मागच्या रुंद जोडीला पुरत नाही. तिला स्वतःची नवी वाट कापावी लागते आणि इंजिनाची ताकद त्यात जाते. चारही चाके सारखी केली की मागचे चाक पुढच्याच चाकोरीत धावते, हवा कमी करून टायर पसरवता येतो, मधे दगड अडकत नाही आणि एकच स्टेपनी चारही जागी चालते. युनिमॉगसारख्या ट्रकांना एकेरी चाके मुळातच असतात. या गाड्यांचा भारही एकेरी टायरला सोसवेल इतका असतो, हे विसरू नये. मर्सिडीजने स्प्रिंटरच्या जड मॉडेलांना २८५/६५ आर १६ सी मापाचे एकेरी मागचे टायर कारखान्यातूनच दिले, पण तिथे हब, रिम आणि चाकाचा खण एकमेकांसाठी आखलेले होते. उलट फोर्डच्या ई-मालिकेवरच्या मोटरहोममध्ये २२५/७५ आर १६ चे चार मागचे टायर मिळून ४,४८० किलो पेलतात. त्यांच्या जागी दोनच आणायचे तर प्रत्येकाला २,२४० किलो पेलावे लागतील. ते नेहमीच्या १६ इंची टायराच्या आवाक्यात नाही. १९.५ इंची व्यापारी टायराकडे वळावे लागते आणि मग रिम, व्यास, गिअर सगळेच बदलते.

भारतात तर प्रश्न कायद्यापाशीच अडतो. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून अशा गाड्या बांधण्याबद्दल इथेही उत्सुकता आहे. परंतु केंद्र सरकारच्या जुलै २०१८ च्या अधिसूचनेनुसार एकेरी अ‍ॅक्सलला चार टायर असतील तर ११.५ टन आणि दोन टायर असतील तर ७.५ टन भाराची परवानगी आहे. नियम टायरांची संख्या मोजतो. म्हणजे चारांचे दोन केले की टायर कितीही दणकट असला तरी परवानगीचा भार चार टनांनी उतरतो. त्यावर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहेच : निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा फेरफार नोंदणी झालेल्या गाडीत करता येत नाही. त्यामुळे भारतात कॅराव्हॅन बांधणाऱ्याने मागच्या टायरांची निवड चासी घेतानाच करावी.