किशी : मांजरीला स्टेशनमास्तर नेमणारे स्थानक

जपानच्या वाकायामा प्रांतातील किनोकावा शहरात किशी हे एक छोटेसे रेल्वे स्थानक आहे. एक फलाट, एकच रूळमार्ग आणि दोन डब्यांच्या गाड्या एवढाच त्याचा पसारा. २००७ मध्ये येथे एका मांजरीची स्टेशनमास्तर म्हणून नेमणूक झाली आणि स्थानकाचे नाव जगभर पोहोचले. मात्र ही नेमणूक झाली तेव्हा हा मार्ग बंद पडण्याच्या संकटातून नुकताच बाहेर आला होता. ते संकट कसे टळले, हे पाहिल्याशिवाय किशीची ओळख पुरी होत नाही.

वाकायामा ते किशी हा किशिगावा मार्ग १४.३ किलोमीटर लांबीचा असून त्यावर १४ स्थानके आहेत. परिसरातील प्राचीन शिंतो देवस्थानांच्या यात्रेकरूंसाठी १९१६ मध्ये त्याचा आरंभ झाला. पुढे तो टप्प्याटप्प्याने वाढत गेला आणि १९३३ मध्ये किशी हे त्याचे अखेरचे स्थानक झाले. १९६१ पासून हा मार्ग नांकाई इलेक्ट्रिक रेल्वे या मोठ्या खासगी कंपनीकडे होता.

घरोघरी मोटारी आल्या तसे प्रवासी घटू लागले. १९७४ मध्ये वर्षाला सुमारे ३६ लाख असलेली प्रवासीसंख्या २००५ पर्यंत सुमारे १९ लाखांवर आली. वार्षिक तोटा ५० कोटी येनच्या घरात गेला. अखेर २००४ मध्ये कंपनीने मार्ग बंद करण्याची रीतसर सूचना सरकारला दिली.

शाळा-महाविद्यालयांत जाणारी मुले आणि मोटार न चालवणारे वृद्ध यांच्यापुढे मोठाच प्रश्न उभा राहिला. रहिवाशांनी त्याच वर्षी संघटना स्थापन केली. वार्षिक वर्गणी भरून सुमारे सहा हजार लोक तिचे सभासद झाले. या रेट्यामुळे स्थानिक शासनसंस्थांनाही पुढे यावे लागले. मार्गाखालील जमीन प्रांत सरकारच्या पैशाने सार्वजनिक मालकीची करण्यात आली. वाकायामा शहर आणि तत्कालीन किशिगावा गाव यांनी दहा वर्षांसाठी कमाल ८२ कोटी येनपर्यंतचा तोटा सोसण्याचे मान्य केले. नव्या चालकासाठी जाहीर निवेदन काढण्यात आले आणि ओकायामा येथील एका ट्राम कंपनीची निवड झाली. तिच्या वाकायामा इलेक्ट्रिक रेल्वे या नव्या उपकंपनीने १ एप्रिल २००६ रोजी कारभार हाती घेतला. दरम्यान २००५ मध्ये किशिगावा गाव नव्या किनोकावा शहरात विलीन झाले होते.

याच हस्तांतरातून तामाची नेमणूक घडून आली. तामा ही १९९९ मध्ये जन्मलेली, तीन रंगांची मांजरी. स्थानकालगतच्या दुकानात ती वाढली होती. जागेची मालकी बदलल्यामुळे मांजरांचा निवारा हलवावा लागणार होता. तेव्हा मांजरांना स्थानकात राहू द्यावे, अशी विनंती दुकानाच्या मालकिणीने कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबू कोजिमा यांना केली. काटकसरीपायी किशी स्थानकावरील कर्मचारी काढून घेण्यात आले होते. रिकाम्या स्थानकाला स्टेशनमास्तर मिळावा, ही कल्पना कोजिमा यांना सुचली. ५ जानेवारी २००७ रोजी तामाची रीतसर नेमणूक झाली. तिच्यासाठी लहानशी टोपी शिवून घेण्यात आली. प्रवाशांचे स्वागत करणे हे तिचे काम आणि मांजरांचे खाद्य हा तिचा पगार ठरला.

तीन रंगांची मांजर जपानमध्ये शुभ मानली जाते. तामाला पाहण्यासाठी परप्रांतांतून आणि परदेशांतूनही लोक येऊ लागले. कंपनीने तिला वेळोवेळी बढत्या दिल्या. २००९ मध्ये तिच्या चित्रांनी सजवलेली ‘तामा गाडी’ रुळांवर आली. ऑगस्ट २०१० मध्ये स्थानकाची नवी इमारत उभी राहिली. एइजी मितोओका यांनी रचलेल्या या इमारतीचा दर्शनी भाग मांजरीच्या चेहऱ्यासारखा असून छप्पर हिनोकी वृक्षाच्या सालीने शाकारलेले आहे. ‘वृक्षांचा देश’ ही या भूमीची जुनी ओळख त्यातून जपली गेली आहे.

२२ जून २०१५ रोजी तामाचे निधन झाले. शिंतो विधीने झालेल्या तिच्या अंत्यसंस्काराला हजारो लोक आले होते. स्थानकात तिचे छोटे देवालय बांधण्यात आले आणि तिची जागा नितामा या मांजरीला देण्यात आली.

एवढी कीर्ती लाभूनही मार्ग स्वबळावर उभा राहिला नाही. २००६ मध्ये प्रवासी सुमारे २१ लाखांपर्यंत वाढले, हे खरे; पण ती वाढ तामाच्या नेमणुकीपूर्वीच सुरू झाली होती. पहिली दहा वर्षे संपल्यावर २०१६ मध्ये शासनसंस्थांना साहाय्याची नवी व्यवस्था करावी लागली. कंपनीने वर्षाला २५ लाख प्रवाशांचे उद्दिष्ट ठेवून नागरिकांना आवाहन केले : आपण नेहमी करता त्याहून वर्षाला चार प्रवास अधिक करा, आणि तेही तिकीट काढून.

तामाने किशीला पाहुणे मिळवून दिले. परंतु तिच्या येण्यापूर्वी हा मार्ग राखला तो वर्गणी भरणाऱ्या आणि रोज गाडीत बसणाऱ्या स्थानिक लोकांनी. पुढेही त्याचा भरवसा त्यांच्यावरच राहणार आहे.