बंगळुरातील बारा नारळ

कीर्तिमान माणसांवर हक्क सांगण्याची हौस सर्वच समाजांना असते. मोठ्या शेजाऱ्याच्या सावलीत राहणाऱ्या समाजांना ती अंमळ अधिक असते, इतकेच. अमेरिकेच्या उत्तरेस वसलेला कॅनडा हे तिचे ठळक उदाहरण. बास्केटबॉल हा अमेरिकेचा खेळ म्हणून जगभर खेळला जातो. परंतु १८९१ साली स्प्रिंगफील्ड येथे तो ज्यांनी शोधून काढला, ते जेम्स नेस्मिथ १८६१ साली ऑन्टॅरिओ प्रांतातील आल्मॉन्ट येथे जन्मले होते, याचे स्मरण कॅनडावासी संधी मिळताच करून देतात. मराठी माणसाची गोष्ट याहून वेगळी नाही. पुण्यामुंबईच्या बैठकीत बंगळुराचा विषय निघाला की दोन नावे हटकून उच्चारली जातात: एक क्रिकेटपटू राहुल द्रविड यांचे आणि दुसरे चित्रपटनट रजनीकांत यांचे. ‘दोघेही आपलेच’ असा निर्वाळा दिला जातो आणि विषय संपतो.

वस्तुतः विषय तेथेच सुरू व्हावयास हवा. ‘आपले’ या शब्दाचा अर्थ बंगळुरात लावणे वाटते तितके सोपे नाही. आणि त्यामागे जवळजवळ चार शतकांचा इतिहास उभा आहे.

१६३८ साली विजापूरच्या रणदुल्लाखानाने केंपेगौडाचा पाडाव करून बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजे भोसले यांच्या जहागिरीत आले. शहाजीराजांनी तेथे केवळ ठाणे बसविले नाही, तर दरबार भरविला. शिवाजीमहाराजांच्या बालपणातील काही काळही तेथे गेल्याचे ‘शिवभारत’ सांगते. या दरबाराची कीर्ती ऐकून जयराम पिंड्ये नावाचा कवी महाराष्ट्रातून तेथे गेला. राजासमोर रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणून त्याने नारळ ठेवले. पण एक नव्हे, बारा. बारा कशासाठी, असे विचारता, आपण बारा भाषांत कविता करू शकतो, असे उत्तर त्याने दिले. त्या भेटीतून ‘राधामाधवविलासचंपू’ हा ग्रंथ उभा राहिला. इतिहासाचार्य राजवाड्यांनी तो १९२२ साली विस्तृत प्रस्तावनेसह प्रकाशात आणला. नारळांची हकीकत कवीनेच स्वतःच्या गौरवार्थ सांगितलेली असल्याने तीत थोडे मीठमसाला असणारच. ते वगळले तरी एक गोष्ट शिल्लक राहते. बंगळुरातल्या मराठी सरदाराच्या दरबारात अनेक भाषा जाणणे हे मानाचे लक्षण समजले जात असे, आणि मराठी ही त्या अनेकांपैकी एक होती.

हा दरबार फार काळ टिकला नाही. शहाजीराजे १६६४ च्या जानेवारीत होदिगेरे येथे शिकारीत घोड्यावरून पडून निधन पावले. त्यांचे पुत्र एकोजी यांनी मल्लेश्वरमच्या मल्लिकार्जुन देवास एक गाव इनाम दिल्याचा १६६९ चा शिलालेख तेथे आहे; बंगळुरातील भोसल्यांच्या वास्तव्याची ही एक ठसठशीत खूण होय. पुढे एकोजींचे लक्ष तंजावराकडे वळले. १६८७ साली मोगल सरदार कासिमखानाने बंगळूर घेऊन ते म्हैसूरच्या चिक्कदेवराज वडियारांस तीन लाख रुपयांस दिले. आजच्या महानगराची ही किंमत वाचून कोणासही हसू यावे; पण त्या काळी एकोजींनाही ती वाजवी वाटत असावी, कारण त्याच सौद्याची बोलणी ते स्वतः करीतच होते.

राज्य गेले, माणसे मात्र गेली नाहीत. आणि जी तंजावरास गेली त्यांनी बंगळूरच्या दरबाराची रीत सोबत नेली. एकोजींचे पुत्र दुसरे शहाजी यांनी ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे नाट्य रचले, ते तेलुगूत. त्यांच्या घराण्यातील प्रतापसिंह यांच्या कारकिर्दीत, म्हणजे १७३९ ते १७६३ या काळात, मुद्दुपळनी या विदुषी गणिकेने ‘राधिकासांत्वनमु’ हे शृंगारकाव्य लिहिले, तेही तेलुगूत. मराठी राजांनी तेलुगूला आश्रय दिला म्हणून मराठीचे काही बिघडले नाही. तंजावरात मराठी नाटकेही लिहिली गेली.

याच काव्याच्या निमित्ताने बंगळूरचे नाव पुन्हा या कथेत येते, आणि तेही एका गायिकेच्या नावाला चिकटून. बंगळूर नागरत्नम्मा यांचा जन्म १८७८ सालचा, नंजनगूडचा. गाणे, संस्कृत आणि तेलुगू या तिन्हींत त्यांची गती होती. मुद्दुपळनीच्या काव्याची छापील प्रत त्यांच्या हाती आली, तेव्हा संपादकाने तीतील बराच भाग गाळल्याचे त्यांच्या ध्यानात आले. स्त्रीने, त्यातही गणिकेने, असे लिहावे हे त्या काळच्या शिष्ट मंडळींना रुचत नव्हते. नागरत्नम्मांनी हस्तलिखित मिळवून १९१० साली संपूर्ण काव्य प्रसिद्ध केले. लवकरच इंग्रज सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून त्यावर बंदी घातली. ती १९४७ साली उठली. नागरत्नम्मांनी आपली मिळकत तिरुवैयारू येथील त्यागराजांची समाधी बांधण्यात वेचली. १९५२ साली त्या निवर्तल्या, आणि त्यांचे स्मारक आज त्याच समाधीसमोर आहे. नागरत्नम्मा मराठी नव्हत्या. तरीही मराठी राजाच्या आश्रयाने निपजलेले एक काव्य त्यांच्यामुळे अखंड राहिले. त्यांना ‘आपल्या’ म्हणणाऱ्यांच्या यादीत मराठी माणूस कधी दिसत नाही, याला विसरभोळेपणा म्हणावे की कद्रूपणा?

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत तंजावराकडील मराठी घराणी म्हैसूर संस्थानाच्या कारभारात आली. सर टी. माधवराव यांचे पुत्र टी. आनंदराव हे १९०९ ते १९१२ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. बंगळुरातील आनंदराव चौकातून रोज हजारो वाहने जातात. पण हे आनंदराव कोण, हे जाणणारा प्रवासी विरळा.

चित्रपटाच्या क्षेत्रातील देवघेव उलट दिशेनेही झाली. ‘सती सुलोचना’ हा पहिला कन्नड बोलपट १९३४ साली बंगळुरात प्रदर्शित झाला, परंतु त्याचे चित्रण झाले ते कोल्हापूरच्या छत्रपती सिनेटोनमध्ये. पुढच्या पिढीत मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडलेले अनंत नाग आणि शंकर नाग हे बंधू कन्नड पडद्याचे मानकरी ठरले. गिरीश कार्नाड यांचा जन्म १९३८ साली माथेरानचा, घरची भाषा कोंकणी, ‘उंबरठा’ या १९८२ च्या मराठी चित्रपटात प्रमुख भूमिका; पण त्यांची नाटके कन्नडमधील, आणि २०१९ साली त्यांचे निधन झाले ते बंगळुरात. त्यांच्यावर कोणी किती हक्क सांगावा, हे ठरविण्यास पंचायत बसवावी लागेल.

राहुल द्रविड यांच्याविषयी बहुतेक सर्व सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यांची गोष्ट थोडक्यात सांगून भागेल. त्यांचा जन्म बंगळुरात झाला, असा अनेकांचा समज असतो. तो ११ जानेवारी १९७३ रोजी झाला इंदुरात, होळकरांच्या मराठी छायेत. वडील बंगळुरात मुरंबे व जॅम करणाऱ्या कंपनीत होते, म्हणून मुलाला सवंगडी ‘जॅमी’ म्हणू लागले. १९९६ साली लॉर्ड्‌सवर पहिल्याच कसोटीत त्यांनी ९५ धावा काढल्या आणि २०१२ साली निवृत्त होताना त्यांच्या नावावर १३,२८८ कसोटी धावा होत्या. या आकड्यांइतकेच त्यांचे आडनावही बोलके आहे. द्रविड म्हणजे दक्षिणेकडील. जे घराणे कधीकाळी दक्षिणेतून येऊन मराठी झाले, त्यातील मुलगा माळव्यात जन्मून पुन्हा दक्षिणेत वाढला आणि कर्नाटकाकडून खेळला. अशा माणसाला मराठी म्हणावे तर आडनाव आड येते, आणि न म्हणावे तर घरातली बोली.

आता रजनीकांत. यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड. जन्म १२ डिसेंबर १९५०, बंगळूर. वडील रामोजीराव पोलिसात शिपाई होते, आणि पुत्राचे नाव त्यांनी छत्रपतींवरून ठेविले. घराण्याचे मूळ गाव जेजुरीजवळचे मावडी कडेपठार असल्याचे सांगतात. घरात मराठी, शाळेत कन्नड, रस्त्यावर दोन्ही, अशा वातावरणात हा मुलगा वाढला. बंगळूरच्या शहर बसवर त्यांनी कंडक्टरची नोकरी केली, मग मद्रासच्या चित्रपट संस्थेत शिक्षण घेतले. १९७५ साली के. बालचंदर यांनी ‘अपूर्व रागंगळ’ या चित्रपटात त्यांना घेतले, तेव्हा अडचण उभी राहिली ती नावाची. तमिळ पडद्यावर एक शिवाजी आधीच सिंहासनस्थ होते.

हे दुसरे शिवाजी म्हणजे शिवाजी गणेशन. त्यांचे मूळ नाव केवळ गणेशन. मराठ्यांशी त्यांचा काही संबंध नव्हता. अण्णादुराई यांनी शिवाजीमहाराजांवर एक तमिळ नाटक लिहिले होते. त्यात गणेशन यांनी महाराजांची भूमिका इतकी प्रभावी केली की पेरियार रामस्वामी यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हणून गौरविले आणि ते नाव कायमचे चिकटले. येणेप्रमाणे, एका तमिळ नटाने मराठ्यांच्या राजाचे नाव अभिनयाने मिळविले, आणि म्हणून, ज्याला ते नाव जन्माने मिळाले होते त्या मराठी मुलास ते सोडावे लागले. बालचंदर यांनी आपल्या ‘मेजर चंद्रकांत’ या १९६६ च्या चित्रपटातील एका पात्राचे नाव उचलून या नवख्यास दिले: रजनीकांत. पुढे त्या नावाने दादासाहेब फाळके पुरस्कारही पटकाविला. तो पुरस्कार ज्यांच्या नावाचा, ते फाळके त्र्यंबकेश्वरचे, हा आणखी एक योगायोग.

नावाच्या या अदलाबदलीविषयी कोणाची तक्रार ऐकिवात नाही. १९९९ साली ‘पडैयप्पा’ या चित्रपटात दोघे एकत्र आले, तेव्हा शिवाजी गणेशन यांनी रजनीकांत यांच्या पित्याची भूमिका केली. गणेशन २००१ साली निवर्तले. त्यानंतर सहा वर्षांनी, २००७ साली, दिग्दर्शक शंकर यांचा एक तमिळ चित्रपट प्रदर्शित झाला. त्यात रजनीकांत यांनी ज्या नायकाची भूमिका केली, त्याचे नाव शिवाजी होते, आणि चित्रपटाचेही.